डोळ्यांना हात लावणार नाही

गेल्या महिन्यात वर्ध्याच्या एका चकचकीत दुकानात मी पासपोर्ट फोटो काढला. दुकानदारानं मला काहीही न विचारता गोरं केलं, गाल आत ढकलले, कानाजवळचे पांढरे केस काळे केले आणि डोळे जरा मोठे केले. फोटो सुरेख आला. घरी बायकोनं तो हातात घेऊन विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "मीच." ती म्हणाली, "नगराळे काकांनी असं केलं नसतं." एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली, पण माझी संध्याकाळ कामातून गेली.

मधुकरराव नगराळे यांचा फोटो स्टुडिओ आंजी मोठी गावच्या बसथांब्यासमोर होता. एका बाजूला कटिंगचं दुकान, दुसऱ्या बाजूला कृषी केंद्र आणि मधे ही दहा बाय बाराची खोली. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षं मास्तर होतो. त्या नऊ वर्षांत सरकारनं माझे फोटो इतक्या वेळा मागितले की मी अजून तोच माणूस आहे की नाही, याबद्दल त्याला शंका असावी. ओळखपत्राला फोटो, निवडणुकीच्या कामाला फोटो, प्रशिक्षणाला फोटो, आणि आधीचे फोटो गहाळ झाले म्हणून पुन्हा फोटो. काकांनी काढलेले माझे एकूण तेवीस फोटो आहेत. एकाही फोटोत मी बरा दिसत नाही. सगळ्यांत मी मात्र दिसतो, हे कबूल केलं पाहिजे.

काका बुटके होते. पांढरा शर्ट, दोऱ्याला बांधलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की समोरचा माणूस जरा वाकडा बसला आहे. हसताना मी त्यांना पाहिलं नाही. विनोद सांगितला तर ते तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मंग?"

स्टुडिओत शिरलं की समोरच पाटी होती: 'येथे डोळ्यांना हात लावला जाणार नाही.' नवा माणूस या पाटीनं गडबडायचा. एकदा खेड्यावरून आलेले एक आजोबा तासभर बाकावर बसून राहिले. काकांनी विचारलं तर म्हणाले, डोळ्यात औषध घालायचं आहे.

"आजोबा, हा फोटोचा धंदा हाये," काका म्हणाले.

"मंग डोळ्याची पाटी काऊन लावली?"

"हात लावत नाई म्हनून."

आजोबांना ते पटलं. जाताना ते मला म्हणाले, "मानूस इमानदार हाये."

डोळे सोडले तर काका चेहऱ्याचं काहीही करून द्यायचे. मुरूम काढायचे, देवीचे वण बुजवायचे, दाढीचे खुंट साफ करायचे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक काळा कोट होता. तो ते बनियनवर आलेल्या माणसालाही चढवायचे. आंजीच्या निम्म्या पुरुषांचे बायोडाटा त्या एकाच कोटात गेले आणि पुष्कळांची लग्नंही झाली. पण डोळ्यांचं नाव काढलं की काका पाटीकडं बोट करायचे. एका नवरदेवाचा डोळा तिरळा होता. तो काकुळतीला आला, "काका, एवढा एक सरळ करून द्या, मी कोनाले सांगत नाई."

"पोरगी पाहाले जाशीन तवा हा फोटो जाईन का तू जाशीन?"

"मीच जाईन."

"मंग फोटोले कायले तरास देतं?"

त्याचं लग्न तिरळ्या डोळ्यानंच झालं. बायकोचं म्हणणं, दोन माणसांकडं एकाच वेळी लक्ष ठेवणारा नवरा मिळाला.

काकांचा दुसरा नियम आठव्या फोटोचा. एका कागदावर आठ फोटो छापले जायचे, गिऱ्हाइकाला सात मिळायचे. आठवा फोटो काका ठेवून घ्यायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानांची त्यांनी पाकिटं केली होती, दर घराचं एक पाकीट, वर घराचा पत्ता: 'ठाकरे, टाकीजवळचे', 'उईके, शाळेमागचे'. आठव्या फोटोमागं पेन्सिलनं महिना आणि वर्ष लिहायचं आणि फोटो पाकिटात टाकायचा. पाकिटं लोखंडी कपाटात होती. पहिल्या वेळी मी या प्रकाराबद्दल वाद घातला. मी मास्तर आहे, मला आठापर्यंत मोजता येतं, असं मी म्हणालो. काका म्हणाले, "सात पुरतेत." मी चिडून बाहेर आलो. सरकारला सातच लागले, तेव्हा तर मला आणखी राग आला.

तिसरी गोष्ट स्टुलाची. फोटो काढण्याआधी गिऱ्हाइकाला बसवून काका त्याच्या मागं जायचे, एका उंच स्टुलावर चढायचे आणि वरून, कपाळावरून खाली बघायचे. मिनिटभर बघून खाली उतरायचे. मग कॅमेऱ्यामागं जाऊन म्हणायचे, "हनवटी खाली. डोळे इकडे." माझे केस तेव्हा नुकतेच विरळ व्हायला लागले होते. हा माणूस दर वेळी स्टुलावर चढून माझं टक्कल मोजतो, अशी माझी पक्की समजूत होती. घरी गेल्यावर मी आरशासमोर मान वाकवून उभा राहायचो.

स्टुडिओच्या कोपऱ्यात पंचफुला काकू बसायच्या. काकांच्या पत्नी. पांढरं लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कात्री. फोटोंचा कागद कापणं हे त्यांचं काम. पट्टी नाही, पेन्सिलची रेघ नाही, कात्री लावली की कागद सुतासारखा सरळ कापला जायचा. काळ्या चष्म्यानं एवढं सरळ कसं कापता, असं मी एकदा विचारलं.

"एकाच डोळ्यानं पाह्यलं की सरळ दिसते," त्या म्हणाल्या. "दोन डोळे झगडा करतेत."

त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मोतीबिंदू बिघडला असेल असं मी धरून चाललो. स्टुडिओच्या काचेच्या कपाटात आंजीच्या पंधरा-वीस नवऱ्या, दोन सरपंच आणि एक नागडं बाळ होतं, पण काकूंचा फोटो नव्हता. हे माझ्या लक्षात आलं होतं. विचारायचं सुचलं नाही.

काका पाकिटं कशासाठी ठेवतात ते मला किराणावाल्या शेठजींच्या प्रकरणात कळलं. शेठजींच्या घरचे पाच जण एकदम फोटो काढायला आले. काका पाचदा स्टुलावर चढले आणि पाचदा उतरले. मग शेठजींना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या घरी सगळ्यायचे डोळे बाहेर आले. वर्ध्याले जा, मोठ्या दवाखान्यात दाखवा." शेठजी घाबरले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, पाचही जण गाडी करून वर्ध्याला गेले. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, जन्मापासून असेच आहेत, आजोबांचेही असेच असतील. शेठजी परत आले ते तडक स्टुडिओत. दहा मिनिटं ते हिंदीत बोलत होते. काकांनी ऐकून घेतलं, कपाटातून त्यांचं पाकीट काढलं आणि त्यावर पेन्सिलनं लिहिलं, 'घराण्याचे.'

"हे आधीच पाहाले पायजे होतं," काका मला नंतर म्हणाले. त्यांनी पाकिटातला शेठजींचा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. डोळे तेव्हाही तेवढेच होते. "मोठे असले तं काई नाई. मोठे झाले तं पाहा लागते."

मग त्यांनी मला शिकवलं, मी मागितलं नसताना. माणूस सरळ समोर बघत असताना बुबुळाच्या वर पांढरं दिसतं का? साधारणपणे वरची पापणी बुबुळाला थोडी झाकते. पांढरं दिसायला लागलं की जुना फोटो काढायचा आणि शेजारी ठेवायचा. मग वरून बघायचं, डोळा भुवईच्या पुढं येतो का. आणि फरक असला तर आपण डॉक्टरकी करायची नाही, फोटो हातात देऊन वर्ध्याची बस दाखवायची. माझं टक्कल ते कधीच मोजत नव्हते. मला हायसं वाटलं, आणि जरा अपमानही.

एका बाबतीत मात्र ते जुना फोटो शोधत बसायचे नाहीत. एकदा एक बाई शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा एकच डोळा सुजून पुढं आला होता, लाल झाला होता, अंगात ताप होता. आई म्हणाली, माशी चावली असेल, दुसऱ्या बाजूनं फोटो काढा. काकांनी दिवे बंद केले, शटर ओढलं आणि समोर उभ्या असलेल्या काळीपिवळीत दोघींना घालून स्वतःही बसले. गाडीवाला म्हणाला, अजून चार सीट भरायच्या आहेत. "त्या चारीवर मी बसलो," काका म्हणाले. मुलगी आठ दिवस दवाखान्यात होती. डोळ्यामागं पू झाला होता, आणखी एखादा दिवस गेला असता तर कठीण होतं, असं तिची आई नंतर सगळ्या गावाला सांगत होती. काकांना कोणी त्याबद्दल विचारलं तर ते म्हणायचे, "फोटो राह्यला तिचा."

आता इखार मॅडम. या आमच्या मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या, शाळेच्या टाकीजवळ, आणि शाळा हेच त्यांचं घरदार होतं. मी रुजू झालो तेव्हा मऊ स्वभावाच्या बाई म्हणून त्यांची ख्याती होती. पुढं तीन-चार वर्षांत त्या बदलल्या. वर्गाच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या तरी पोरं चिडीचूप व्हायची. नजर अशी की वाटावं, आता खाणार. सगळे शिक्षक वेळेवर यायला लागले. मी वर्षभर एकदाही उशिरा गेलो नाही, कारण दारात ते डोळे असायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, 'शिस्त उत्तम.' दोन शिक्षकांनी बदली मागितली.

बाकीच्याही गोष्टी होत्या, पण आम्ही सगळे शिकलेले लोक असल्यामुळे प्रत्येक गोष्टीचं कारण आम्हांला माहीत होतं. थंडीच्या दिवसांत त्या पंखा लावायच्या, तर आम्ही म्हणायचो, रागाची उष्णता. वाळत चालल्या होत्या, तर म्हणायचो, सकाळी फिरायला जातात. फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा, तेव्हा तर आम्ही मान खाली घालायचो, आज कोणावर निघतंय म्हणून.

मग आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी मॅडमचा प्रस्ताव जायचा होता. त्यासाठी फोटो हवा होता, आणि कागद माझ्याकडं असल्यामुळे मीही त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेलो. काका स्टुलावर चढले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वर राहिले. उतरले, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर दाखवला.

"नगराळे, हे डोळे असे काय वटारलेले आले? जरा बारीक करा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी पाटीकडं बोट केलं.

"पाटी मी वाचली आहे. पुरस्काराला फोटो जायचा आहे माझा. उद्या शेवटचा दिवस आहे."

काकांनी कपाट उघडून पाकीट काढलं. 'इखार मॅडम, टाकीजवळच्या.' त्यातले पाच फोटो त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले, जुन्यापासून नव्यापर्यंत. "हा पाहा. बुबुळाच्या वर पांढरं हाये का? नाई. हा पाहा, जराकसं. हा पाहा. अन् हा आजचा."

"वय झालं की माणूस बदलतो."

"वयानं डोळे आत जातेत, मॅडम. बाहेर नाई येत."

काका खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी रागीट नाई, मॅडम. तुमाले बिमारी हाये. डोळ्यातून पानी येते का? रेती गेल्यावानी टोचते का?"

"धुळीनं येतं."

"झोपीत डोळा पुरा लागते का?"

"झोपेत मी माझे डोळे कशी बघणार?" मॅडम उठल्या. "मी फोटो काढायला आले होते, तपासून घ्यायला नाही. सर, चला. वर्ध्यात दुसरी दुकानं आहेत."

मला मॅडमच्या त्या डोळ्यांकडं बघवेना. वर्षभर मी ज्याला राग समजलो, घाबरलो, घरी जाऊन बायकोजवळ ज्याची टवाळी केली, ते दुखणं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण त्यांनी चला म्हटल्यावर मी उठलो, कारण मुख्याध्यापिका उठल्या की उठायचं अशी सवय होती.

"मॅडम, बसा जराशा," कोपऱ्यातून काकू म्हणाल्या.

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि काळा चष्मा काढला. डावा डोळा पांढरा होता. उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा, आणि पुढं आलेला. काका पडद्यामागच्या खोलीत निघून गेले.

"माया नवऱ्यानं चार वर्षं माये डोळे नीट ठेवले," काकू म्हणाल्या. "फोटोत."

मॅडम उभ्याच होत्या.

"दर दसऱ्याले नागपूरले जाच्या आंधी हे माया फोटो काढत. नवं पांढरं लुगडं नेसून. तवा हे कॉम्प्युटर नोतं. डोळे मोठे आले की हे बारीक ब्रश घेत अन् फोटोतली पापनी खाली ओढत. लय सफाईचा हात. मले बी बरं वाटे. आरशात भेव लागे, पन फोटो पाह्यला की वाटे, मी तं पह्यल्यावानीच हाओ. झोपीत डोळा उघडा राहे, तं हे म्हनत, ससा झोपला. आमी हासो."

"मग?"

"मंग त्या उघड्या डोळ्याले जखम झाली. वर्ध्याले गेलो. डॉक्टर म्हने, गळ्यातल्या गाठीची बिमारी हाये, त्यानं डोळे बाहेर येतेत. कधीपासून हाये ते पाहू, जुने फोटो आना. हे चार फोटो घेऊन गेले. डॉक्टरनं ते एकाखाली एक लावले, लय वेळ पाह्यले. म्हने, या फोटोवरून तं बाईले काईच झालं नाई."

पडद्यामागं कसला तरी डबा सरकल्याचा आवाज झाला.

"मंग ह्यायनं सांगतलं, साहेब, हे मी केलं." काकूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घातला. "उजवा वाचला. डावा गेला. तवापासून पाटी हाये."

मॅडम खाली बसल्या. त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"आता नाई. आता तिथं दुखाले काई राह्यलंच नाई."

मॅडमनी पदरानं डोळे पुसले. ते आधीपासून गळतच होते, त्यामुळे रडल्या की नाही ते मला सांगता येणार नाही. पडद्याकडं बघून त्या म्हणाल्या, "नगराळे, तो फोटो आहे तसाच छापा."

फोटो तसाच गेला. पुरस्कार त्या वर्षी दुसऱ्या तालुक्यातल्या एका गुरुजींना मिळाला. मी त्यांना पाहिलं आहे. त्यांचे डोळे अगदी बारीक आहेत.

वर्ध्याला मॅडमबरोबर मी जावं, असं काकांनी ठरवलं. "एकल्या गेल्या तं अर्ध्या रस्त्यातून शाळेत वापस येतीन," ते म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मॅडमना खुर्चीवर बसवलं, मागं गेले आणि कपाळावरून खाली डोकावून पाहिलं. डॉक्टर उंच होते, त्यांना स्टूल लागलं नाही. मला एकदम आंजीत असल्यासारखं वाटलं. मग त्यांनी फोटो मागितले, खिडकीशी नेऊन क्रमानं पाहिले, मागच्या तारखा वाचल्या.

"हे कोणी जपून ठेवले?"

"आमच्या फोटोवाल्यानं."

"यांच्यामुळे कळतंय, हे कधी सुरू झालं आणि किती वेगानं वाढतंय. चांगलं काम केलं त्यांनी."

रक्त तपासलं, गळ्यातल्या ग्रंथीचाच दोष निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दिवसा डोळ्यांत थेंब, झोपताना मलम आणि पापणीला चिकटपट्टी, उशीखाली आणखी एक उशी. डॉक्टर म्हणाले, डोळे पूर्ण पहिल्यासारखे आत जातील असं सांगत नाही, पण नजर वाचेल. आला आहात वेळेवर.

परत आल्यावर मी काकांना डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. चांगलं काम केलं त्यांनी. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. तो बराच वेळ पुसला.

"फोटो वापस आनले का?"

"नाही. फाइलला लावले त्यांनी."

"पाकीट खाली झालं मंग," ते म्हणाले. "मॅडमले म्हना, येजा. नवीन काढा लागते."

वर्षभरात मॅडमच्या हाताची थरथर गेली, अंग भरलं, पंखा बंद झाला. डोळे थोडे आत गेले, थोडे राहिले. स्वभाव मऊ होताच, आता तो दिसायलाही लागला. पोरं वर्गात बोलायला लागली. पुढच्या तपासणीत साहेबांनी शेरा दिला, 'शिस्तीकडे लक्ष देणे आवश्यक.' मी पुन्हा दहा मिनिटं उशिरा जायला लागलो.

दर तीन महिन्यांनी मॅडम स्टुडिओत जायच्या. फोटो सरकार मागत नव्हतं, काका मागत होते. त्या फोटोंचे पैसे ते घ्यायचे नाहीत, सातच्या सात फोटो मॅडम घरी घेऊन जायच्या, आणि त्यांच्या घरी स्वतःच्या फोटोंचा एवढा साठा झाला की त्या पत्रांना पण लावतात की काय, असं आम्ही म्हणायचो.

माझी बदली देवळी तालुक्यात झाली तेव्हा शेवटचा फोटो काढायला मी गेलो. काका स्टुलावर चढले, उतरले. माझं पाकीट काढून पहिला फोटो नव्याशेजारी धरला. "डोळे जशेच्या तशे हायेत," ते म्हणाले. "केस गेले." म्हणजे मोजत होते.

सकाळीच मॅडम येऊन गेल्या होत्या. त्यांचा कागद काकूंच्या मांडीवर होता. काकूंनी एक फोटो कापला, चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि आधीच्या तीन फोटोंशी ताडून पाहिला.

"मॅडमचे डोळे थांबले," त्या म्हणाल्या. मग कात्री बाजूला ठेवून, त्याच आवाजात म्हणाल्या, "आता माया फोटो काढा."

"कायले?" काका म्हणाले.

"लोकं कायले काढते?"

काका उभे राहिले. डोळा गेल्यापासून त्यांनी काकूंचा एकही फोटो काढला नव्हता. आधार कार्डाचासुद्धा दुसरीकडं निघाला होता. काकू कॅमेऱ्यासमोरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या, पदर सारखा केला, काळा चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. काका मागं जाऊन स्टुलावर चढले. सवयीनं चढले असावेत, कारण तिथून बघायचं काही राहिलं नव्हतं. ते इतका वेळ वर उभे राहिले की काकू म्हणाल्या, "उतरा आता. पडसान."

ते उतरले, कॅमेऱ्यामागं गेले. "हनवटी खाली. डोळे इकडे."

"एकच येईन," काकू म्हणाल्या.

"येऊ दे."

फोटो कॉम्प्युटरवर आला. काकांनी तो मोठा केला. डावा डोळा पडद्यावर भरला, पांढरा, उघडा. बाण सरकत सरकत वरच्या पापणीपाशी गेला आणि थांबला. त्या बाणानं सगळ्या गावाचे मुरूम काढले होते. आता तो पापणीच्या कडेवर जरा जरा हलत होता. काकांनी माऊसवरचा हात उचलला, दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "मास्तर, तुमी दाबा. मले भरोसा नाई."

मी प्रिंटचं बटण दाबलं. काकांबरोबर इतकी वर्षं काढून मी केलेलं काम एवढंच.

कागद बाहेर आला. काकूंनी तो सरळ कापला. सात फोटो पदरात घेतले आणि आठवा काकांपुढं धरला. "घ्या. तुमचा नियम."

काकांनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात दसऱ्याचे ते चार फोटो होते, चारही जणी सारख्याच डोळ्यांच्या. पाचवा त्यांनी सगळ्यांत वर ठेवला.

"बरी आली का?" काकूंनी विचारलं.

काका फोटोकडं बघत राहिले. बाहेर माझी बस लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी काकूंच्या हातात चष्मा दिला आणि दारापर्यंत गेलो, तरी उत्तर आलं नव्हतं. वळून पाहिलं तर काकांचे हात पुन्हा काखेत होते, आणि ते काकूंना सांगत होते, "तशीच आली."